फुटाला एक सूत

बेलापुरात प्रवरेला वर्षातले आठ महिने जेवढं पाणी असतं, त्यात म्हैस डुंबते. बोट चालत नाही. तरीही सव्वा वर्ष मी आमच्या पडवीत बसून एक बोट बांधली. गल्लीतल्या लोकांनी मला काय नावं ठेवली असतील ते मला माहीत आहे, कारण त्यांच्या आधी आमच्या बायकोनं ती तोंडावर ठेवून घेतली होती. "लोकं रिटायर झाल्यावर देवळात बसत्यात," ती म्हणाली, "तुमी बोटीत बसा."

दोन फूट लांबीचं मॉडेल होतं ते. मुंबई बंदरातल्या वाफेच्या टगचं. परदेशातून मोठं जहाज आलं की त्याला दोर लावून धक्क्याला आणायचं, हे टगचं काम. फोटो निघतो तो जहाजाचा. ओढणारी ही बुटकी, काळी, धूर ओकणारी टग त्या फोटोत सापडलीच तर कोपऱ्यात. त्या वाफेच्या टग कधीच भंगारात गेल्या. त्यातल्या एकीवर माझा थोरला भाऊ चौदा-पंधरा वर्षं होता. सुकाणूवर. आमच्या घरात ही गोष्ट देवाच्या फोटोशेजारी टांगावी इतकी जपलेली होती.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आज तो त्र्याऐंशीचा आहे आणि मी एकाहत्तरचा, पण त्याच्यापुढं बसलो की मी अजून सहा वर्षांचाच असतो. वडील मी पाळण्यात असतानाच गेले. ते गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचे. गुळाची कढई ज्या भट्टीवर चढते ते चुलवाण. दिवसभर तिच्या तोंडाशी बसून वाळलेलं चिपाड आत सारायचं, एवढंच काम, पण माणूस त्यात भाजून निघतो. वडील गेले ते त्या आगीनंच, अशी आईची पक्की समजूत होती. दादाची मिसरूड फुटायच्या आत तोही त्याच चुलवाणापुढं बसला, भुवया जाळून घरी यायला लागला, आणि एक दिवस आईनं त्याला उठवलंच. "कुटं बी जा," ती म्हणाली, "पर आगीपुढं उबा ऱ्हाऊ नगं." तो मुंबईला गेला. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.

वर्षातून एकदा तो आठ दिवस यायचा. उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस मी त्या आठ दिवसांची वाट बघायचो. येताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणायचा, आणि अंगाला एक वास असायचा, साबणाचा आणि आणखी कसला तरी. मी त्याच्या मांडीवरून उठायचो नाही. "मला बोटीवर ने" हे एकच मागणं. "पुढल्या खेपेला," तो म्हणायचा, "तुला पार सुकाणूजवळ बसवतो." ती खेप कधी आली नाही. मी मोठा झालो, टग भंगारात गेली, तो बंदराच्या गोदामात लागला, दोघांची लग्नं झाली, आणि आमचं नातं पोस्टकार्डावर आणि नंतर फोनवर चाललं. खरं सांगतो, मला माझा भाऊ कधी पुरलाच नाही.

वहिनी गेल्यावर तो आमच्याकडं राहायला आला, तेव्हा वाटलं, आता बोलू सगळं. पण तो बोलणारा राहिला नव्हता. मग काचबिंदूनं एकामागून एक दोन्ही डोळे गेले, आणि होतं नव्हतं ते बोलणंही गेलं. सकाळी पडवीतल्या खाटेवर येऊन बसायचा आणि खाटेच्या माच्यावरून हात फिरवत राहायचा, इकडून तिकडं, तिकडून इकडं. रिकामे हात मला बघवत नाहीत. हा आमच्या धंद्याचा दोष असेल. त्या हातांत काहीतरी द्यावं असं मनात आलं, आणि दुसरं काय देणार? त्याला दिसत नाही, पण चाचपून तर कळेल. त्याची टग त्याच्या मांडीवर ठेवायची आणि त्यानं हात फिरवून म्हणायचं, व्हय, हीच. एवढ्या दोन शब्दांसाठी मी हा सगळा उपद्व्याप मांडला.

धंद्यानं मी पॅटर्नमेकर. नगरच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत चौतीस वर्षं काढली. लोखंडाची जी वस्तू ओतायची असते ती आधी लाकडात हुबेहूब करायची, ती वाळूत दाबून साचा घ्यायचा, आणि साच्यात रस ओतायचा. लाकडात करणारा तो पॅटर्नमेकर. फाउंड्री म्हटल्यावर आईनं आधी कपाळावर हात मारला होता. माझी लाकडाची खोली भट्टीपासून दोन शेड लांब आहे, हे तिला स्वतः नेऊन दाखवलं तेव्हा कुठं तिनं मला तिथं नोकरी करू दिली.

ड्रॉइंगं मिळायला चार महिने लागले. फाउंड्रीत ऑर्डरी घेऊन येणारे मुंबईचे एक म्हातारे ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या ओळखीच्या ओळखीनं कुणीतरी बंदराच्या जुन्या कागदांतून प्रती काढून पाठवल्या. पुठ्ठ्याच्या लांब नळीत चार कागद. एका फुटाला पाव इंच असं प्रमाण, म्हणजे शहाण्णव फुटांची टग कागदावर चोवीस इंच. दोन दिवस मी ते नुसते पसरून बघत बसलो. समुद्र मी आयुष्यात मोजून दोनदा पाहिलेला आहे. पण टग पाण्यात कुठवर बुडते ती रेघ कागदावर होती, आणि त्या रेघेखाली मला पाणी दिसायला लागलं. बायको म्हणाली जेवून घ्या.

अशा प्लॅनवर टगच्या पोटाचे आडवे काप दाखवलेले असतात, कांद्याच्या चकत्यांसारखे. प्रत्येक चकतीची एक फळी कापायची, फळ्या एकावर एक चिकटवायच्या, बाहेरच्या पायऱ्या रंध्यानं तासायच्या आणि आतलं लाकूड गोल पटाशीनं कोरून पोकळ करायचं. मी शिवण घेतली. हलकं लाकूड, पटाशीशी भांडत नाही. पावसाळा सगळा त्यात गेला. रंधा चालू झाला की खाटेवर दादाची मान थोडी कलायची. काय करतोस, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. बायकोनं त्याला सांगून टाकलं होतंच. आमच्या घरात गुपित राहायला जागा नाही.

विचारत होतो मीच. प्लॅनमध्ये सुकाणूची केबिन म्हणजे काचेच्या खिडक्यांचा नुसता चौकोन, आतलं काही दाखवलेलं नाही. "दादा, चाकाला आरे किती हुते?" तो म्हणायचा, "लई दिस झाले." "होकायंत्र चाकाच्या म्होरं का बाजूला?" "इसरलो." चौदा वर्षं ज्या चाकावर हात होते त्याचे आरे माणूस विसरेल कसा, असं माझ्या मनात यायचं. मग मीच माझी समजूत घालायचो की वय झालंय. मी मात्र त्या चाकातलं काहीही विसरलो नव्हतो, आणि मी ते पाहिलं होतं फक्त एकदा, तेही लांबून.

नऊ वर्षांचा असताना आई मला घेऊन मुंबईला गेली होती. बेलापूर स्टेशनावरून मनमाड, तिथून मुंबई. दादाचं आधी कार्ड आलं होतं. बंदरात बाहेरच्यांना सोडत नाहीत, तेव्हा तुम्ही भाऊच्या धक्क्यावर उभे राहा, दहाच्या सुमाराला आमची टग समोरून जाईल. आईनं निळं लुगडं नेसावं, म्हणजे गर्दीत ओळखू येईल. मी सुकाणूवर असेन, पांढऱ्या शर्टात. हात वर करीन. ते कार्ड आईनं मला इतक्या वेळा वाचायला लावलं की ते मला आजही पाठ आहे.

आठ वाजल्यापासून आम्ही धक्क्यावर होतो. मासळीच्या पाट्या, पाणी, कावळे, ओरडाआरडा. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बोटांचे वळ उठले. आणि मग ती आली. काळी, बुटकी, उंच धुराड्याची. वरच्या केबिनीत काचेमागं पांढरा शर्ट. आईच्या निळ्या लुगड्यासमोर आल्यावर त्या शर्टातून एक हात वर झाला. आई, जी गावात चार माणसांत मोठ्यानं बोलत नसे, ती त्या गर्दीत त्याला हाका मारायला लागली. मी दोन्ही हात वर करून उड्या मारत होतो. मला खात्री होती की आता दादा टग वळवणार आणि मला उचलून घेणार. टग वळली नाही. ती गेली तिकडं मी बराच वेळ बघत राहिलो, आणि एवढी हाक मारूनही तो थांबला नाही याचा मला राग आला. तो राग मी पुढं कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरला.

आई त्यानंतर तीस वर्षं जगली. शेंगा फोडताना, गिरणीत दळणाच्या रांगेत, नव्या सुनांना पहिल्याच दिवशी, ती ही गोष्ट सांगायची. "येवडी मोटी बोट, आन् चाक माज्या लेकाच्या हातात." मग उजवा हात वर करून दाखवायची, असा केला म्हणून. शेवटच्या आजारात तिला माणसं ओळखू येईनात, पण तो हात तिला आठवत होता.

म्हणून मी चाकावर सहा आठवडे घालवले. एक इंच व्यासाचं, पितळेचं, आठ आऱ्यांचं, दादाला फिरवता यावं म्हणून फिरतं ठेवलेलं. चाकामागं लाकडाचा एक माणूस, पांढऱ्या रंगाच्या शर्टातला, उजवा हात वर केलेला. उंची दीड इंचाच्या आतच. त्या हाताचा अंगठा करताना माझी तीन माणसं वाया गेली. केबिनीचं छप्पर मी उचलता येईल असं केलं होतं. चौथा माणूस आत उभा राहिला तेव्हा मी छप्पर बाजूला ठेवलं आणि एकटाच त्याच्याकडं बघून हसलो.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. लोखंडाचा रस थंड होताना आकसतो. ओतीव लोखंड फुटाला एक सूत आकसतं, सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. म्हणून पॅटर्नमेकर लाकडाची वस्तू तेवढी मोठी करतो. दर वेळी गणित नको म्हणून आमच्याकडं पट्टीच वेगळी असते, कॉन्ट्रॅक्शनची पट्टी. दिसायला साधी, पण तिच्यावरचा फूट हा एक फूट आणि एक सूत असतो. ती पट्टी चौतीस वर्षं माझ्या खिशात होती, आणि रिटायर झाल्यावर माझ्याबरोबर घरी आली. प्लॅनवर लिहिलेले आकडे धरून टगचं सगळं अंग मी तिनं मोजून केलं. पुढं तिच्यावरच्या रेघा दिसेनात म्हणून मी डोळे बारीक करून बसायला लागलो, तेव्हा बायकोनं श्रीरामपूरहून ठळक आकड्यांची नवी पट्टी आणून दिली. डेक, म्हणजे वरची सगळी फळी, केबिन, धुराडं, हे मी त्या नव्या पट्टीनं केलं.

डेक अंगावर ठेवून बघितला. नाकाशी नेमका बसला. शेपटाकडं फट. पट्टी लावायची गरजच नव्हती, दोन सुतांची फट मी झोपेतही ओळखीन. ही टग कुणी ओतणार नव्हतं. ती लाकडाचीच राहणार होती, आणि मी तिला आकसायला जागा ठेवली होती. दोन सूत म्हणजे पाव इंच, आणि या प्रमाणात पाव इंच म्हणजे अख्खा एक फूट. मुंबई बंदराची टग मी बेलापुरात बसून एक फुटानं वाढवली होती. फाउंड्रीत शिकाऊ पोरांना आम्ही पहिल्या दिवशी बजावायचो की पट्टी बघून उचल. मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण त्या खाटेपर्यंत पोचल्या.

"काय झालं रं?" दादा म्हणाला.

"काय न्हाई. बोट बिघडली."

"आन इकडं."

पूर्ण झाल्याशिवाय द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. पण बिघडलेल्या वस्तूला कसला आलाय मुहूर्त. टगचं अंग, वर नुसता ठेवलेला डेक, असं सगळं उचलून मी त्याच्या मांडीवर ठेवलं. बायको चहा घेऊन आली ती तशीच उभी राहिली. दादाचे हात नाकापासून निघाले. डेकवरून पुढं, केबिनीपाशी आले, वरून आत गेले. चाक एकदा फिरवलं. "चाक हाय," म्हणाला. मग त्याला तो माणूस लागला. "ह्यो कोन?"

"तू," मी म्हणालो. "हात वर केलाय बग."

त्यानं हात काढून घेतला. "बरा झालाय," म्हणाला. पाहुण्यांकडं भाजी न आवडता माणूस म्हणतो ना, तसं. मला इतकं वाईट वाटलं की मी उठायलाच लागलो होतो.

"मग बिघडलं काय?" त्यानं विचारलं. मी पट्टीची भानगड सांगितली. सांगता सांगता तो हसायला लागला. दोन वर्षांत मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं. "येक फूट? खऱ्या बोटीचा येक फूट?"

"व्हय."

"कुटं आला त्यो?"

"कुटं म्हंजी? सगळीकडं थोडा थोडा."

"खाली आला का, खाली?"

मला काही कळेना. त्यानं डेक चाचपला, फटीत नख घातलं, आणि तो डेक सरळ उचलून बाजूला ठेवला. चिकटवलेला असता तर निघाला नसता. मग त्याचा उजवा हात टगच्या पोटात गेला. कोरलेल्या रिकाम्या लाकडावरून तो हात मागं सरकत सरकत एका जागी थांबला आणि तिथं नुसता फिरत राहिला.

"हितं काईच न्हाई?"

"पोकळ ठिवलंय दादा. हलकं व्हावं म्हनून."

"हितं भट्टी हुती," तो म्हणाला. "बॉयलरला दोन दारं. ह्या अंगाला कोळसा. हितून शिडी वर, अकरा पायऱ्या, सातवी वाकलेली. आन् ह्यी मागची भिताड. फावडं मागं घेतलं का कोपर भिताडाला बसायचं. रोज तितंच. येक फूट जागा आसती ना, तर कोपर वाचलं आसतं माजं." त्यानं बाही वर केली. कोपरावर जुना, गुळगुळीत झालेला वण होता. तो वण मी लहानपणापासून बघत आलो होतो. दोर लागला, असं त्यानं आम्हाला सांगितलेलं होतं.

"तुला खालचं कसं ठावं?" मी म्हणालो. "तू तर वर..."

"वर मी कदीच न्हवतो," दादा म्हणाला. "आगवाला हुतो. भट्टीत कोळसा टाकायला."

बायकोनं चहाचा कप खाली ठेवला. मला आधी राग आला, तो माझा स्वभावच आहे. बासष्ट वर्षं खोटं! आईला, मला, गावाला! मी म्हणालोही, "का पन? कशापायी?"

"कसं लिवू?" तो म्हणाला. "आईनं आगीपुढनं उटवून धाडलं. गेलो तर तितं बी आगच. दुसरं काम कुनी देईना. परत येऊन चुलवाणातच बसायचं हुतं, मग तितं काय वाईट? पर आईला कसं लिवू?"

"आन् धक्क्यावर? हात कुनी वर केला?"

"त्यो सुकाणी. कोकनातला हुता. भला मानूस. म्या त्याला सांगून ठिवलं हुतं, धक्क्यावर माजी आई हाय, निळ्या लुगड्यात, तेवडा हात वर कर. केला त्यानं."

"आन् तू?"

"शिडी चडून वर आल्तो. धुराड्याच्या मागं उबा हुतो. आंगात काय न्हाई, तोंड काळं. आई हाका मारत हुती. तू उड्या मारत हुतास." तो म्हणाला. "त्याच्याकडं बगून."

मी त्याचा हात धरला. कितीतरी वर्षांत धरला नव्हता. तो म्हणाला, "लई येळ न्हवता. भट्टी थांबत न्हाई. दोन मिन्टं बगितलं तुमाला आन् खाली गेलो."

धक्क्यावरच्या त्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या मुक्कामावर आला होता तो अंघोळ करून, पांढऱ्या शर्टात. तो शर्टही त्या सुकाण्याचाच होता, हे त्यानं मग सांगितलं. आईनं त्याचे हात हातात घेतले होते ते मला आठवतं. "किती खरबरीत झालेत," म्हणाली. "चाकाचे घट्टे," तो म्हणाला. आईनं डबीतलं खोबरेल काढलं आणि त्याच्या तळव्यांना, मनगटांना, पार कोपरापर्यंत लावत बसली. काही बोलली नाही. बाईनं नवऱ्याचे भाजलेले हात बघितलेले, लेकाचे ओळखले नसतील? दादाला ते आजवर ठरवता आलेलं नाही. मलाही येत नाही. ओळखले असतील तर ती तीस वर्षं गावभर जे सांगत फिरली ते कुणासाठी, हा विचार मी पूर्ण करत नाही.

नव्यानं काम सुरू झालं ते त्यानंतर. प्लॅनवर बॉयलरच्या जागी नुसतं एक वर्तुळ होतं आणि त्याच्या मागं कोरा कागद. त्या कोऱ्या कागदाचं ड्रॉइंग दादा मला तोंडी द्यायला लागला. भट्टीची दारं केवढी, कड्या कुठल्या अंगाला, राख ओढायची सळई कुठं टेकवलेली, पाण्याचं मडकं कुठल्या खिळ्याला. मी करायचो, त्याच्या हातात द्यायचो, तो चाचपून परत द्यायचा. "दार डावीकडं उगडतं." परत करायचो. कधी नव्हे तो बोलत होता. शिडीची सातवी पायरी मी वाकवून लावली तेव्हा त्यानं तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "व्हय. हीच." मी सव्वा वर्ष ज्याची वाट बघत होतो ते दोन शब्द मला एका वाकड्या पायरीवर मिळाले. मी पडवीतून उठून परसात गेलो आणि तोंड धुतलं.

नवा डेक मी जुन्या पट्टीनंच केला, म्हणजे तो अंगावर बसला. जास्तीच्या फुटाचं काय करायचं ते दादानं ठरवलं. बॉयलर होता तिथंच ठेवला आणि मागची भिंत एक फूट मागं सरकवली. हे प्लॅनला धरून नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. चौतीस वर्षांत ड्रॉइंगबाहेर मी एक रेघ मारलेली नाही. "आसू दे," तो म्हणाला. "कोपर हालंल जरा."

पांढऱ्या शर्टातला माणूस काढून टाकू का, असं मी विचारलं. नको म्हणाला. "त्यानं आपल्यासाटी हात वर केला हुता. ऱ्हाऊ दे." मग जरा वेळानं म्हणाला, "धुराड्याच्या मागं येक मानूस कर."

मी केला. उघडा, कमरेला फडकं, अंगाला काळा रंग. चिकटवायच्या आधी विचारलं, "हात वर करू का ह्याचा?"

"नगं. तवा केला न्हवता."

"आन् तोंड?"

"धक्क्याकडं."

तसा तो बसवला. टग आता पूर्ण झाली आहे. लोक बघायला येतात, चाकाचं कौतुक करतात. धुराड्यामागचा माणूस बहुतेकांना दिसत नाही, आणि आम्ही दाखवत नाही.

परवा दुपारी मी शेतावरून आलो. दादा पडवीत खाटेवर बसला होता, मांडीवर टग, आणि एक बोट धुराड्याच्या मागं त्या माणसाच्या डोक्यावर. तोंड अंगणाकडं. मी फाटकातच थांबलो. अंगण काही फार लांब नाही, पण मला ते त्या दिवशी धक्क्याएवढं लांब वाटलं. त्याला काही दिसणार नव्हतं. तरी मी हातातली पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात वर केले आणि हलवले. या वेळी नीट बघून, त्याच्याकडंच.